पुढे दोन, मागे दोन

कुमुदआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये बसलो होतो. ऑफिसात "जरा एका मीटिंगला जाऊन येतो" असं सांगितलं होतं आणि ती मीटिंग साबुदाणा वड्याच्या दुसऱ्या प्लेटशी चालली होती. शेजारच्या टेबलावर लातूर-परभणीकडची, यूपीएससीची तयारी करणारी पोरं हमरीतुमरीवर येऊन चालू घडामोडींवर वाद घालत होती. फोन बायकोचा होता. "अहो, आत्या गेल्या," ती म्हणाली. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडल्या, चहासाठी हाक मारली तर उठल्याच नाहीत. मी हातातला वडा खाली ठेवला. मग काय करावं ते सुचेना म्हणून पुन्हा उचलला आणि खाल्ला. हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण आत्याला हे कळलं असतं तर ती खो खो हसली असती, म्हणून सांगतो. "नंद्या, मी मेले आणि तू चटणी मागून घेतलीस?" असं म्हणाली असती. मागून घेतली नव्हती. प्लेटमध्ये होतीच.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सांगलीहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ती दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत आली तेव्हा तिच्या विभागात बाईमाणूस म्हणून ती एकटीच होती. नद्यांमधल्या सरकारी लाँच, गाळ उपसणारी यंत्रं, त्यांची इंजिनं हे तिचं काम. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, दळण आणायचं राहून जावं तसं. वडील बदल्यांवर फिरत असायचे, त्यामुळे माझं कॉलेज तिच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर झालं आणि पुढे मीही सरकारी खुर्चीत जाऊन बसलो तेव्हा तिच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये घर घेतलं. तिची काळजी घ्यायला, असं मी लोकांना सांगत असे. प्रत्यक्षात माझ्या घरातला गिझर, मिक्सर, मुलीची सायकल, सगळं तीच येऊन दुरुस्त करून जायची. मी टॉर्च धरायचो आणि त्यावरूनही बोलणी खायचो. "अरे, उजेड माझ्या हातावर हवाय, तुझ्या पोटावर नको."

रिटायर झाल्यावर ती गाझियाबादला हरपालसिंगजींच्या शेडमध्ये "दोन दिवस बघून येते" म्हणून गेली ती शेवटपर्यंत जातच राहिली. हरपालजी फायबरच्या बोटी बनवतात. बागेतल्या तळ्यांत पायडल मारत फिरवायची ती पांढरी बदकं असतात ना, ती बहुतेक त्यांच्याकडचीच. पुराच्या वेळी लागणाऱ्या बचावबोटीही बनतात आणि अधूनमधून एखाद्या शौकिनाची अति वेगाची बोट येते, तासाला शंभर किलोमीटरच्या वर पाणी कापत जाणारी. दिल्लीत असली बोट चालवायची कुठे, हा प्रश्न आमच्या प्रत्येक पाहुण्यानं विचारला आहे. "यमुनेत?" म्हणून मग तो स्वतःच हसायचा. असल्या बोटी पार उत्तराखंडातल्या धरणांच्या पाण्यावर जातात, पण त्यांची हाडं गाझियाबादला बसवली जातात आणि ती बसवण्यात आत्याचा हात धरणारं इकडे कुणी नव्हतं. पुढे पुढे तिचे डोळे बिघडले. नजरेच्या बरोबर मधोमध एक धूसर डाग आला; कडेचं दिसे, समोरचं नाही. गाडी चालवणं बंद झालं आणि दर शनिवारी मी तिचा ड्रायव्हर झालो. मी हरपालजींच्या पराठ्यांसाठी जातो असं बायकोचं मत होतं. पूर्ण चुकीचं म्हणता येणार नाही.

तिचं खास काम म्हणजे ड्राइव्हलाइनचे कोन लावणं. हे मला कळायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगायचा प्रयत्न करतो. वेगाच्या बोटीत तोल साधायला इंजिन जरा पुढे सरकवून बसवतात. बोटीच्या पाठीला असतो ड्राइव्ह, म्हणजे ज्याच्या खाली पाण्यात पंखा फिरतो तो भाग. या दोघांना जोडणारा एक दांडा मधे असतो आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे. शेडमध्ये त्या सांध्याला 'क्रॉस' म्हणतात, कारण आतला पोलादी तुकडा बेरजेच्या चिन्हासारखा असतो. मी पहिल्याच दिवशी हुशारी दाखवली. "म्हणजे सगळं एका सरळ रेषेत आणायचं, बरोबर?" आत्यानं माझ्या कानाच्या दिशेनं बघितलं. समोरचा माणूस दिसावा म्हणून ती नेहमी त्याच्या शेजाऱ्याशी बोलल्यासारखी बघायची. म्हणाली, "सरळ लावलंस तर मरेल ते. सांध्याच्या आत सुईसारख्या बारीक सळ्या असतात. दांडा जरा तिरका असला की त्या हलत राहतात, ग्रीस फिरतं. अगदी सरळ लावलं तर त्या बसल्या जागी बसून खड्डा पाडतात. तुझ्या खुर्चीला पडलाय तसा."

मग तिनं मला घराजवळचेच दोन रस्ते आठवायला लावले, एकमेकांना समांतर, मधे तिरकी गल्ली. जितका वळून तू गल्लीत शिरतोस, तितकाच उलटा वळून पलीकडच्या रस्त्याला लागतोस, म्हणजे तुझं तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला. पुढचा रस्ता म्हणजे इंजिन, पलीकडचा ड्राइव्ह आणि गल्ली म्हणजे दांडा. दोन्ही वळणं सारखी हवीत. का? तर तिरक्या सांध्यातून फिरणारा दांडा एकसारखा फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही, पण करतो. पहिल्या सांध्यानं केलेली ही गडबड दुसरा सांधा बरोबर त्याच क्षणी उलटी करून निस्तरतो... दोन्ही कोन सारखे असले तरच. नसले तर ती गडबड मिनिटाला हजारो वेळा लोखंडावर आदळत राहते आणि एक दिवस क्रॉस तुटतो. मी थक्क होऊन ऐकत होतो. इतकी वर्षं मी असल्या दांड्यांच्या जिवावर बस-टॅक्सीतून हिंडलो आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी घरी येताना फ्लायओव्हरवर पुढच्या प्रत्येक ट्रकच्या पोटाखाली फिरणारा दांडा मी वाकून वाकून बघत होतो. शेवटी आत्या म्हणाली, "नंदू, मला अर्धंच दिसतं. निदान तू तरी रस्त्याकडे बघ."

गेल्या वर्षी गुरुग्रामच्या मल्होत्रासाहेबांची बोट आली. तिचे कोन दुसऱ्याच कुणीतरी लावले होते; भर वेगात असताना मागचा क्रॉस तुटला होता, सुटलेल्या दांड्यानं इंजिनावरचं झाकण फोडलं होतं आणि झाकणावर बसलेल्या त्यांच्या भावाचा गुडघा कायमचा गेला होता. मल्होत्रासाहेब उद्धट नव्हते, घाबरलेले होते. "मेरी बेटियाँ बैठेंगी इसमें," ते हरपालजींना म्हणाले आणि मग आवाज खाली आणून, "बीबीजी को... दिखता है ना?" आत्यानंच उत्तर दिलं, "बिल्कुल नहीं दिखता. इसीलिए हाथ से लगाती हूँ. नंबर ये पढ़ता है, सरकारी आदमी है, इसको नंबर के अलावा कुछ नहीं आता." हरपालजी हसले, मल्होत्रासाहेब हसले नाहीत. हरपालजींनी एवढंच सांगितलं की बीबीजी 'हो' म्हणतील तेव्हाच बोट पाण्यात जाईल. परतीच्या वाटेवर आत्या म्हणाली, "ही शेवटची परीक्षा बघ. माझ्या हातात माप राहिलं नसेल तर माझ्या 'हो'वर लोकांच्या पोरी बसवणं बरं नाही. हिचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर मी हात पुसले." मी काहीतरी धीराचं बोललो असेन. तिनं काच खाली करून बाहेरचा धूर आत घेतला.

काम असं चालायचं: उतार मोजणारं, लोहचुंबकाचं छोटं डिजिटल गेज आत्या बोटांनी चाचपून त्या त्या भागावर चिकटवायची आणि मी आकडा वाचायचा. इंजिनाचा उतार, मग दांड्याचा उतार, मग ड्राइव्हचा. एकातून दुसरा वजा केला की सांध्याचा कोन. तिला हवे होते पुढे दोन अंश, मागे दोन अंश. इंजिनाचा आणि दांड्याचा उतार मोजून झाला, पुढचा कोन चोख दोन आला आणि ड्राइव्हकडे वळणार एवढ्यात शेडमधला मुकादम हात जोडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. शेडमधले बहुतेक कारागीर बिहार आणि पूर्वांचलचे. एकदा अवजारं धुऊन देवापुढे मांडली की पूजा होईपर्यंत पान्यालाही हात लावायचा नाही. आत्याचं गेजही धुतलं जाऊ नये एवढ्याचसाठी तिनं भांडण केलं, बाकी मुकाट्यानं दिलं. गेजला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. आम्ही पुरी-भाजी खाल्ली. मी किती खाल्ली ते विषयाला सोडून आहे.

पूजेनंतर ड्राइव्हचा उतार मोजला. मागचा कोन आला तीन. पुन्हा चिकटवलं, तीन. मी चष्मा पुसून वाचलं, हरपालजींनी वाचलं, तीनच. आता आठवडाभर आधी ड्राइव्ह बसवण्याची जागा आत्यानंच हातानं तपासून पक्की करून घेतली होती, दोन अंश येतील असा शब्द दिला होता. मल्होत्रासाहेब त्या दिवशी नेमके आले होते. ते बाहेर जाऊन मुंबईच्या कुणा दुसऱ्या कारागिराशी फोनवर बोलले. आत्या स्टुलावर बसली. हात मांडीवर ठेवून त्या हातांकडे, म्हणजे हातांच्या जरा बाजूला, बघत राहिली... ते दुसऱ्याचे असल्यासारखे. गाडीत बसल्यावर म्हणाली, "एक अंश. नंदू, एक अंश म्हणजे थोडंथोडकं नाही रे. एवढं मला कळू नये?" मयूर विहारला उतरताना तिनं माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी तिचा फोन आला. आवाज एकदम कडक. "आज रजा टाक."

"अगं, आज तिमाही आढावा आहे."

"मग आजारी पड. पुऱ्या खाऊन पडतात लोक. आणि हरपालजींना सांग, मी येईपर्यंत बोटीला कुणी हात लावायचा नाही."

शेडमध्ये शिरल्या शिरल्या तिनं गेज मागितलं आणि ड्राइव्हकडे न जाता थेट इंजिनापाशी गेली. "बीबीजी, वो तो हो चुका है," मुकादम म्हणाला. "हो चुका है, तो फिर से होगा." तिनं गेज चिकटवलं, मी आकडा वाचला. पूजेआधीचा आकडा मला पाठ होता. आता तो पूर्ण एक अंशानं वेगळा होता. आत्या इंजिनावर हात ठेवून म्हणाली, "सहा बोल्टांनी आवळलेलं इंजिन कुणाच्या बापाला झुकत नाही. म्हणजे बोट झुकली. नंदू, दांडा वाच." दांडाही एक अंशानं बदललेला. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. "इंजिन आणि दांडा बोट सपाट असताना मोजला, ड्राइव्ह बोट झुकल्यावर. दोन वेगळ्या बोटींची वजाबाकी केली आपण! अच्छा, अब बताओ भाई, किसने क्या रखा है इसमें?"

मुकादमाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोटीच्या पुढच्या डेकखाली मोठी पोकळी होती, तिला दार होतं आणि उंदीर तिथवर पोचत नव्हते. पूजेच्या भंडाऱ्याचे उरलेले बटाटे, पिठाची पोती, तेलाचे डबे आणि आचाऱ्याची पितळी पातेली, सगळं त्यानं मोठ्या भक्तिभावानं तिथे ठेवून दिलं होतं. प्रसादाचं सामान जमिनीवर कसं ठेवायचं? त्या वजनानं ट्रॉलीचा पुढचा जॅक कच्च्या जमिनीत रुतला होता, हळूहळू, कुणाला न दिसता. पोती एकेक करून बाहेर यायला लागली तेव्हा हरपालजी इतके हसले की त्यांना पगडी सावरावी लागली. मीही एक पोतं उचलायला गेलो आणि कंबर धरून परत आलो. जॅकखाली लोखंडी प्लेट घातली, बोट पूर्वीसारखी केली आणि आत्यानं तिन्ही मापं एका बैठकीत घेतली. मी ड्राइव्हचा आकडा वाचला. वजाबाकी हरपालजींनी मोठ्यानं केली. पुढे दोन, मागे दोन. मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिनं पहिल्यांदा आपली बोटं एकेक करून पुसली, मग मुकादमाला जवळ बोलावून सांगितलं, "बटाटे अच्छे हैं? दो किलो मेरे को बाँध दो."

उत्तराखंडातल्या धरणाच्या पाण्यावर मीही गेलो होतो. खरं म्हणजे काठावर उभं राहून टाळ्या वाजवायचा माझा बेत होता, पण आत्यानं "हा बसेल, वजन लागतं" असं जाहीर करून मला आत ओढलं. पाण्यात बसलेली बोट ट्रॉलीवरच्या बोटीसारखी नसते, तिचं अंग जरा वेगळं पसरतं, म्हणून तिनं ती दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा मापं घेतली. हलत्या पाण्यात गेजचा आकडा नाचत होता. पाणी संथ होऊन तो तिन्ही भागांवर स्थिर होईपर्यंत ती थांबली; कोन तेच आले. मग मल्होत्रासाहेबांना म्हणाली, "चलिए. पहले मैं बैठूँगी, बेटियाँ बाद में." त्यांचा भाऊ जिथे बसला होता तिथेच, इंजिनाच्या झाकणावर, सत्तरीची माझी आत्या केशरी लाइफ जॅकेट घालून बसली आणि थरथर कळावी म्हणून दोन्ही तळवे झाकणावर उपडे ठेवले. मल्होत्रासाहेबांनी तिच्याकडे एकदा वळून बघितलं आणि वेग वाढवला. सुरुवातीला पाणी पाण्यासारखं होतं. मग ते रस्त्यासारखं टणक झालं, डोंगर दोन्ही बाजूंनी पळू लागले, बोटीचं पुढचं टोक उचललं गेलं आणि मी डोळे मिटून ज्या देवांची नावं घेतली त्यांतले काही आमच्या घराण्याचे नव्हतेच. एकदा डोळे किलकिले केले तेव्हा आत्या दिसली. वाऱ्यानं तिचे पांढरे केस उभे राहिले होते, डोळे मिटलेले, तळवे तसेच. ती काहीतरी ओरडत होती. मला वाटलं थांबवायला सांगतेय, मी मल्होत्रासाहेबांच्या खांद्यावर थापा मारल्या. वेग उतरला तेव्हा ऐकू आलं.

"काही नाही! नंदू, काहीच जाणवत नाहीये रे! हाताखाली काही नाही!"

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. धरणाचं असेल. मल्होत्रासाहेबांनी बोट काठाला लावली, मुलींना हात दिला आणि आत्यानं त्यांना सरकून जागा करून दिली.

त्यानंतर ती वर्षभरही राहिली नाही. शेवटपर्यंत शेडमध्ये जात होती, बदकांच्या पायडलमध्येही दोष काढत होती. तेराव्याला हरपालजी आले, आमच्या नातेवाइकांत अवघडून बसले, माझी मुलगी त्यांना हिंदीत आणि आम्हाला तिच्या मोडक्या मराठीत वाढत होती. जाताना म्हणाले, मल्होत्रासाहेबांची बोट सर्व्हिसला येतेय, तुम्ही या. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी म्हणाले, या. परवाच्या शनिवारी गेलो. गाडीतली शेजारची सीट रिकामी असताना गाझियाबादचा रस्ता फार लांब आहे.

त्यांनी माझ्यासमोर मधला दांडा उतरवला, मागचा क्रॉस ठोकून बाहेर काढला, रॉकेलमध्ये धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अपघातात तुटलेला जुना क्रॉस त्यांनी शेजारी मांडला होता. त्याच्या भुजांवर कुणी नखानं खरवडाव्यात तशा खाचा होत्या. माझ्या हातातला क्रॉस मात्र चारही भुजांनी सारखा, आरशासारखा चकाकत होता. वरून हाताचं बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. अख्खा मोसम ही बोट त्या मुलींना घेऊन पाण्यावरून उडत होती, मिनिटाला हजारो वेळा हा तुकडा घाई करत होता, रेंगाळत होता आणि पुढच्याची गडबड निस्तरत होता आणि त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. "देखो जी," हरपालजी म्हणाले, "एक निशान नहीं."

जरा वेळानं मी विचारलं, हा मला मिळेल का? घरी ठेवतो, आठवण म्हणून. आपण काहीतरी फार हृद्य बोललो असं मला वाटलं. हरपालजींनी माझ्याकडे नवलानं बघितलं.

"क्यों जी?" ते म्हणाले. "ये तो अभी बहुत चलेगा."

माझ्या हातातून त्यांनी तो घेतला, पुसला, ताजं ग्रीस भरलं आणि पितळी हातोडीनं हलके हलके ठोकत परत जागेवर बसवला. बोट दुसऱ्या दिवशी पाण्यावर जायची होती.